सही कोणाची? ब्रिटिश ॲडमिरल्टीची वाटचाल

13 फेब्रुवारी 1892 रोजी ॲडमिरल ऑफ द फ्लीट सर प्रोव्हो वॉलिस वारले. वय वर्षं शंभर. एकशे एक पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. यातली खरी बातमी अशी, की ते निवृत्त नव्हते. ब्रिटिश आरमाराच्या सक्रिय अधिकाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव शेवटच्या दिवसापर्यंत होतं. 1795 साली, पोरगं चार वर्षांचं असताना, हॅलिफॅक्सच्या गोदीत कारकुनी करणाऱ्या वडिलांनी त्याचं नाव एका जहाजाच्या पटावर चढवून ठेवलं होतं. शाळेत लवकर अडकवायला मुलाचं वय वाढवून सांगणारे बाप आपण पाहिलेत. हे त्यांच्याही चार पावलं पुढचे. पुढे 1813 मध्ये ‘शॅनन’ने अमेरिकेचं ‘चेसापीक’ पकडलं. कप्तान जबर जखमी, त्याच्या खालचा अधिकारी ठार. मग तरुण लेफ्टनंट वॉलिसने सहा दिवस जहाज सांभाळून हॅलिफॅक्सला आणलं. 1870 साली आरमारात वयोमानानुसार निवृत्तीचे नियम आले, तेव्हा नेपोलियनच्या लढायांच्या काळात ज्यांनी जहाजाची कमान सांभाळली त्यांना त्यातून सूट मिळाली. वॉलिसचे ते सहा दिवस कामाला आले. वयाच्या 86 व्या वर्षी त्यांना सर्वोच्च हुद्दाही मिळाला, कारण त्यांच्या वरचे लोक एकेक करून वारले होते.

आरमाराचा कारभार पाहणारं ॲडमिरल्टी नावाचं दप्तर कसं चालायचं, हे कळायला वॉलिससाहेबांची सेवापुस्तिका पुरे आहे. कप्तानाच्या वरची प्रत्येक बढती निव्वळ ज्येष्ठतेने. नेपोलियन हरल्यावर जहाजं बांधून ठेवली गेली, अधिकारी मात्र तेवढेच राहिले. बहुतेक जण अर्ध्या पगारावर घरी बसून वरच्याची जागा रिकामी होण्याची वाट पाहत. क्रिमियाच्या युद्धात 1854 साली बाल्टिक समुद्रात जो ताफा पाठवला, त्याचे सेनापती सर चार्ल्स नेपियर 68 वर्षांचे होते. एवढं मात्र या आरमाराच्या बाजूने सांगितलं पाहिजे, की ब्रिटिश लष्करात 1871 पर्यंत अधिकारपदं पैसे मोजून विकत घेता येत, तशी आरमारात कधी घेता आली नाहीत. वशिला लागे, पण दुकान नव्हतं.

आपल्याकडे आरमाराचा मुख्य म्हणजे सरखेल. कान्होजी आंग्र्यांच्या काळात जहाजं, जलदुर्ग, दस्तक आणि वसुली या सगळ्याच्या किल्ल्या एका कमरेला होत्या. इंग्रजांकडेही ‘लॉर्ड हाय ॲडमिरल’ असं एकट्याचं पद होतं, पण अठराव्या शतकापासून ते मंडळाकडे गेलं. मंडळाच्या डोक्यावर ‘फर्स्ट लॉर्ड’, म्हणजे मंत्रिमंडळातला राजकारणी, जो बहुधा समुद्रावर कधी गेलेलाच नसे. त्याच्या हाताखाली दर्यावर आयुष्य काढलेले तीन-चार नेव्हल लॉर्ड, एखादा मुलकी लॉर्ड आणि चिटणीस. बाहेर जाणारं पत्र एखाद्या माणसाच्या मताने जात नसे. ‘लॉर्डांच्या आज्ञेवरून’ जाई. हे लॉर्ड बसत ते लंडनमध्ये, व्हाइटहॉलच्या इमारतीत. बोर्डाच्या खोलीत शेकोटीच्या वर एक मोठी तबकडी होती आणि तिचा काटा छपरावरच्या वातकुक्कुटाला जोडलेला होता. वारा कुठून वाहतोय हे पाहून फ्रेंच ताफा बंदराबाहेर पडू शकेल की नाही, हे खुर्चीत बसल्या बसल्या ठरवता यावं, ही सोय. वाफेची जहाजं आल्यावरही ती तबकडी तिथेच राहिली. आजही आहे.

मंडळ मोडून पुन्हा एकहाती कारभार करण्याचा एक प्रयोग झाला होता. 1827 मध्ये राजाचे भाऊ ड्यूक ऑफ क्लॅरेन्स, म्हणजे पुढचे चौथे विल्यम, यांना लॉर्ड हाय ॲडमिरल नेमलं. ड्यूक हौशी. पुढच्याच वर्षी ते कुणाला न सांगता काही जहाजं घेऊन समुद्रावर निघून गेले आणि दहा दिवस सरकारला आपला आरमारप्रमुख कुठे आहे याचा पत्ता नव्हता. 1828 मध्ये त्यांना जावं लागलं.

खरा बदल त्यांच्यामागून, व्हिक्टोरिया गादीवर यायच्या पाच वर्षं आधी झाला. 1832 पर्यंत एक ॲडमिरल्टी होती आणि दुसरं ‘नेव्ही बोर्ड’. पहिलीकडे लढाई, नेमणुका, धोरण. दुसऱ्याकडे जहाजबांधणी, गोद्या, पुरवठा. दोन्ही दप्तरांचा एकमेकांवर विश्वास नव्हता आणि कुठल्याही घोळात ‘ते त्यांच्याकडे’ म्हणायला दोघांनाही मोकळीक होती. फर्स्ट लॉर्ड सर जेम्स ग्रॅहम यांनी नेव्ही बोर्ड आणि रसद पाहणारं मंडळ दोन्ही बरखास्त केली. जहाजबांधणी, हिशेब, भांडार, अन्नपुरवठा आणि वैद्यकी असे पाच खातेप्रमुख नेमले आणि प्रत्येकावर बोर्डातला एकेक लॉर्ड देखरेखीला बसवला. कागदावर हे फार स्वच्छ दिसत होतं. पण खातेप्रमुख राहिले सॉमरसेट हाउसमध्ये आणि लॉर्ड व्हाइटहॉलमध्ये, त्यामुळे जवळजवळ मैलभर अंतर फाइल पुढची कित्येक वर्षं चालत राहिली. शिवाय प्रत्येक लॉर्ड आपल्या खात्याच्या किरकोळ कागदांत एवढा बुडाला, की आरमाराने पुढल्या युद्धात करायचं काय याचा विचार कुणाच्याच टेबलावर आला नाही. ही उणीव पुढे ऐंशी वर्षं पुरली.

दप्तर तोलून धरलं ते चिटणिसांनी. दुसरे चिटणीस सर जॉन बॅरो 1804 मध्ये आले आणि मधलं थोडं अंतर सोडून 1845 पर्यंत त्याच खुर्चीत होते. मंत्री आले, गेले, बॅरो राहिले. आर्क्टिकमधून आशियाकडे जाणारी वाट शोधायचं वेड त्यांनी ॲडमिरल्टीला लावलं. त्या वेडातली शेवटची मोहीम म्हणजे सर जॉन फ्रँकलिनची: 1845, ‘इरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं, 129 माणसं. एकही परतला नाही. शोधमोहिमांवर पैसा ओतून थकलेल्या ॲडमिरल्टीने अखेर जाहीर केलं, की 31 मार्च 1854 पासून या सर्वांची नावं पटावरून कमी करण्यात येतील. तारीख बघा: आर्थिक वर्षाची अखेर. लेडी फ्रँकलिन यांनी विधवेचा पगार नाकारला आणि शोकाचे काळे कपडे उतरवून रंगीत घातले. फ्रँकलिनच्या माणसांच्या शेवटाची पहिली खात्रीची बातमी त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनला आली. म्हणजे दप्तराचं अनुमान बरोबर होतं. तरीही ती 31 मार्च घशाखाली उतरत नाही.

मराठी वाचकाला या फर्स्ट लॉर्डांच्या यादीत ओळखीचे चेहरे भेटतात, आणि ते योगायोगाने आलेले नाहीत. हिंदुस्थान आणि आरमार ही साम्राज्याची दोन मोठी खाती. एकातला माणूस दुसऱ्यात सहज जाई. अफगाण युद्धाचा सत्यानाश ओढवून घेणारे लॉर्ड ऑकलंड गव्हर्नर जनरल होण्याआधी फर्स्ट लॉर्ड होते. कलकत्त्यात त्यांच्या जागी एलेनबरो आले. 1846 मध्ये ॲडमिरल्टीत एलेनबरोंच्या जागी ऑकलंड आले. ज्यांच्या खलित्यामुळे मुंबई विद्यापीठ उभं राहिलं ते सर चार्ल्स वूड खलित्यानंतर पुढच्याच वर्षी, 1855 मध्ये, फर्स्ट लॉर्ड झाले. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना 1875 मध्ये पदच्युत करणारे व्हाइसरॉय नॉर्थब्रुक पाच वर्षांनी त्याच खुर्चीत बसले. ही माणसं कर्तबगार होती, पण त्यांना खातं चालवायची सवय होती; जहाज कशाने बुडतं हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागे.

आपला दुसरा धागा लाकडाचा आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी मलबारी सागाची जी लढाऊ जहाजं बांधली, ती व्हिक्टोरियाच्या आरमारात दीर्घकाळ टिकली, कारण सागाला ओकसारखी कूज लागत नाही. 1821 मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘गँजेस’ 1857 ते 1861 या काळात पॅसिफिकमध्ये ताफ्याचं निशाणी जहाज होतं. मग ते खलाशीपोरांची तरंगती शाळा झालं. 1817 चं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. आणि जुलै 1854 मध्ये जॅकी फिशर नावाचा तेरा वर्षांचा, सिलोनात जन्मलेला मुलगा आरमारात भरती झाला, तेव्हा त्याला मिळालेलं जहाज होतं ‘कलकत्ता’: 84 तोफांचं, 1831 साली मुंबईत बांधलेलं. हा मुलगा पुढे येणार आहे.

शिडांकडून वाफेकडे जायला ॲडमिरल्टीने उशीर केला असं सरसकट म्हणतात. ते पूर्ण खरं वाटत नाही. 1845 मध्ये पंख्याचं ‘रॅटलर’ आणि चाकांचं ‘ॲलेक्टो’ यांना पाठीला पाठ बांधून ओढायला लावलं, आणि रॅटलरने ॲलेक्टोला उलट्या दिशेने फरफटत नेलं. रस्सीखेचीचा हा खेळ लोकांना दाखवायला होता. पंखा घ्यायचा निर्णय त्याआधीच झाला होता. फ्रेंचांनी 1859 मध्ये लाकडावर लोखंडी कवच चढवलेलं ‘ग्लॉयर’ उतरवलं, तर डिसेंबर 1860 मध्ये संपूर्ण लोखंडी सांगाड्याचं ‘वॉरियर’ टेम्समध्ये होतं. पैसा, कारखाने आणि कारागीर यांच्या जोरावर मागून येऊन पुढे जायचं, ही या दप्तराची खरी चाल. नव्या शोधात आघाडी घेतली तर आपलाच मोठा जुना ताफा निकामी होतो, मग घाई कशाला?

यंत्र आलं, पण यंत्रवाला डेकवर बरोबरीने बसला नाही. 1847 पर्यंत इंजिनिअरला सनदी अधिकाऱ्याचा दर्जाच नव्हता, आणि मिळाल्यावरही 1863 पासून त्याच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये जांभळी पट्टी शिवली गेली, म्हणजे लांबूनच कळावं. कोळशाच्या काजळीत राबणारा तो, आणि शिडाच्या दोऱ्या जाणणारा तो साहेब. खलाशांचं त्या मानाने लवकर बरं झालं. पूर्वी जहाज मोहिमेवर निघताना माणसं गोळा करायची आणि परतल्यावर सोडून द्यायची. 1853 पासून दहा वर्षांची सलग नोकरी आली, 1857 मध्ये खलाशांना गणवेश मिळाला, फटके 1871 मध्ये शांतताकाळापुरते आणि 1879 मध्ये युद्धकाळातही थांबले. हिंदी महासागरातल्या जहाजांच्या भट्ट्यांवर सिद्दी लोक आणि स्वयंपाकघरांत गोव्याचे कुक आणि बटलर, हेही याच आरमाराचं मनुष्यबळ. बोर्डाच्या टिपणांत ते क्वचितच दिसतात.

*

1868 च्या डिसेंबरात ह्यू चिल्डर्स फर्स्ट लॉर्ड झाले. तरुणपणी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सरकारी हिशेब सांभाळलेला, आकड्यांत रमणारा माणूस. त्यांना मंडळाचं गोल गोल उत्तर सहन होईना. 1869 मध्ये त्यांनी नियम बदलून घेतला: निर्णय फर्स्ट लॉर्डचा, जबाबदारीही फर्स्ट लॉर्डची, बाकीचे लॉर्ड त्याचे सहायक. बोर्डाच्या बैठका जवळजवळ बंद पडल्या. कागद आता खोलीत चर्चेला न येता एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाऊ लागले. वॉलिससाहेबांना वाचवणारे निवृत्तीचे नियमही चिल्डर्स यांचेच, आणि त्यांनी आरमाराचं खरंच भलं केलं. पण ज्या माणसाने ‘सही माझी’ म्हणून सांगितलं, त्याच्यावर सहीची वेळ फार लवकर आली.

कॅप्टन काउपर कोल्स हे फिरत्या बुरुजातल्या तोफांचे पुरस्कर्ते. बुरूज आणि शिडं दोन्ही असलेलं समुद्रगामी जहाज आपल्या आराखड्याने बांधून द्या, असा त्यांचा वर्षानुवर्षं तगादा होता. वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूला, पार्लमेंटातले सभासद त्यांच्या बाजूला. मुख्य जहाजरचनाकार एडवर्ड रीड मात्र विरोधात: डेक पाण्याच्या फार जवळ येईल, वर एवढ्या उंच डोलकाठ्या, जहाज कलंडेल. शेवटी ॲडमिरल्टीने एक विचित्र वाट काढली. जहाज बर्कनहेडच्या लेअर्डच्या खासगी गोदीत बांधलं जाईल, आराखडा कोल्सचा, आणि ॲडमिरल्टीने त्याला पसंतीही दिली नाही आणि मनाईही केली नाही. ‘हरकत नाही’ आणि ‘मान्य’ यांतला फरक कुठल्याही सरकारी कारकुनाला ठाऊक असतो. ‘कॅप्टन’ जहाज तयार झालं तेव्हा ठरल्यापेक्षा जड भरलं. डेक पाण्यापासून आठ फुटांऐवजी साडेसहा फुटांच्या आसपास उरला. जुलै 1870 मध्ये रीड यांनी राजीनामा दिला. चिल्डर्स यांचा नव्या जहाजावर एवढा विश्वास, की त्यांनी आपल्या मुलाला, मिडशिपमन लेनर्डला, त्यावर पाठवलं.

7 सप्टेंबर 1870 च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, स्पेनच्या केप फिनिस्टेअरजवळ, वादळी वाऱ्यात ‘कॅप्टन’ कलंडलं आणि काही मिनिटांत तळाला गेलं. पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली, वाचले 18. कोल्स जहाजावरच होते, तेही गेले. लेनर्ड चिल्डर्सही गेला.

वाचलेल्यांच्या कोर्ट मार्शलने जे नमूद केलं ते आरमारी इतिहासात विरळा आहे: हे जहाज पार्लमेंटात आणि इतरत्र व्यक्त झालेल्या लोकमताचा मान राखून, कंट्रोलर (जहाजबांधणीचे प्रमुख) आणि त्यांच्या खात्याच्या मताविरुद्ध बांधण्यात आलं. न्यायालयाने बोट दाखवलं ते राजकारण्यांच्या दिशेने. यावर चिल्डर्स यांनी जे केलं ते दुःखात बुडालेल्या बापाचं म्हणून समजून घेता येतं, मंत्र्याचं म्हणून नाही. त्यांनी एक लांबलचक टिपण प्रसिद्ध करून दोष कंट्रोलर सर स्पेन्सर रॉबिन्सन यांच्यावर ढकलला. खात्याने धोका पुरेसा स्पष्ट सांगितला नाही असा सूर. रॉबिन्सन 1871 मध्ये बाहेर गेले. प्रकृती ढासळलेले चिल्डर्सही त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. त्यांच्यानंतरच्या गोशेन यांनी 1872 मध्ये बोर्डाला पुन्हा बरंचसं जुनं रूप दिलं. ‘एकाची सही’ हा प्रयोग संपला.

पुढचे दिवस लवकर सांगतो, कारण त्यांत फारसं घडलं नाही. 1877 मध्ये रेल्वे स्टेशनांवरच्या पुस्तकांच्या दुकानांवर श्रीमंत झालेले डब्ल्यू. एच. स्मिथ फर्स्ट लॉर्ड झाले, आणि पुढच्याच वर्षी गिल्बर्ट-सलिव्हन जोडीने ‘एच.एम.एस. पिनाफोर’ ही संगीतिका आणून समुद्र न पाहता आरमारप्रमुख झालेल्या मंत्र्यावर लंडनला हसवलं. 1870 मध्ये समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली. पूर्वी दूरच्या स्टेशनवरचा ॲडमिरल आपल्या अकलेने वागे आणि लंडनला नंतर कळवे. आता व्हाइटहॉल त्याला रोज विचारू शकत होतं. जहाजांवर रंग आणि पितळ झळाळत होतं. तोफांचा सराव म्हणजे गोळे संपवायचं एक काम.

झोप मोडली वर्तमानपत्राने. 1884 च्या उन्हाळ्यात नॉर्थब्रुक लॉर्डांच्या सभेत म्हणाले, की आणखी तीस-चाळीस लाख पौंड हातात दिले तर ते कशावर खर्चावेत हाच प्रश्न पडेल. सप्टेंबरात ‘पॉल मॉल गॅझेट’चे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी आरमाराची खरी अवस्था मांडणारी लेखमाला सुरू केली आणि गहजब उडाला. माहिती आतल्या माणसांनी पुरवली होती; त्यांत जॉन फिशर हे नाव होतं, ते ‘कलकत्ता’वरचं पोर, आता कप्तान. वर्षाअखेर नॉर्थब्रुक यांना खर्चाची यादी सापडली. 1887 मध्ये गुप्तवार्ता विभाग उभा राहिला. 1889 मध्ये लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी आरमार संरक्षण कायदा आणला: 2 कोटी 15 लाख पौंड, 70 जहाजं, त्यांतल्या 10 मोठ्या युद्धनौका. मोजमाप ठरलं, की आपला ताफा जगातल्या पुढच्या दोन सर्वांत मोठ्या ताफ्यांच्या बरोबरीचा हवा.

एकदा असं माप कायद्यात आलं, की ते मंत्र्यांच्या हाताबाहेर जातं. 1893 च्या अखेरीस नेव्हल लॉर्डांनी नव्या जहाजांची मोठी मागणी केली आणि नाही दिलीत तर आम्ही सगळे राजीनामे देतो, असं बजावलं. चौथ्यांदा पंतप्रधान झालेले 84 वर्षांचे ग्लॅडस्टन विरोधात होते. मार्च 1894 मध्ये राजीनामा दिला तो ग्लॅडस्टन यांनी.

*

त्याच 1893 च्या जूनमध्ये या आरमाराची दुसरी मोठी शोकांतिका घडली, आणि तिचा गाभा पुन्हा सहीचाच. भूमध्य समुद्रातल्या ताफ्याचे सेनापती सर जॉर्ज ट्रायन त्या काळातले सर्वांत तल्लख ॲडमिरल समजले जात. जहाजांनी प्रत्येक हालचाल ध्वजसंकेतांच्या जाड पुस्तकातून चालवावी, हे त्यांना पसंत नव्हतं. कप्तानांनी सेनापतीची चाल पाहून आपणहून वळावं, असं ते शिकवत. 22 जून रोजी सीरियाच्या किनाऱ्यावर त्रिपोलीजवळ ताफा दोन रांगांत चालला होता. ट्रायन यांनी ठरवलं, दोन्ही रांगांनी आतल्या बाजूला, एकमेकांच्या दिशेने, अर्धं वर्तुळ वळायचं. दोन रांगांतलं अंतर सहा केबल, म्हणजे 1200 यार्ड. वळायला प्रत्येक जहाजाला सुमारे 800 यार्ड लागत. साधी बेरीज. त्यांच्या अधिकाऱ्याने आठ केबल असावं असं सुचवलं, ट्रायन हो म्हणाले, आणि संकेत सहाचाच गेला.

दुसऱ्या रांगेच्या पुढे ‘कँपरडाउन’वर रिअर-ॲडमिरल मार्कहॅम होते. त्यांना हे जमणार नाही हे कळत होतं. त्यांनी होकाराचा संकेत अर्धाच चढवून ठेवला. ट्रायनकडून विचारणा आली: कशाची वाट पाहता? मार्कहॅम यांनी होकार दिला. त्यांनी मनाशी समजूत घातली, की एवढा हुशार माणूस, त्याच्या मनात काहीतरी युक्ती असणार. ‘कँपरडाउन’ची पोलादी चोच ट्रायन यांच्या ‘व्हिक्टोरिया’ जहाजाच्या कुशीत घुसली आणि ट्रायनसह 358 माणसं बुडाली. तापाने फणफणलेले उपकप्तान जॉन जेलिको पाण्यातून वाचले. हेच पुढे पहिल्या महायुद्धात ग्रँड फ्लीटचे सेनापती झाले. कोर्ट मार्शलने दोष ट्रायन यांना दिला. मार्कहॅम यांनी आपली शंका बोलून दाखवली नाही याबद्दल खेद नोंदवला, पण हजर असलेल्या सेनापतीची आज्ञा पाळल्याचा दोष एखाद्याला देणं सेवेला घातक ठरेल, असंही म्हटलं. कप्तानांनी स्वतः विचार करावा म्हणून धडपडणारा सेनापती, त्याच्यासमोर कुणी विचार बोलून दाखवला नाही म्हणून मेला.

चार वर्षांनी, 22 जून 1897, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव. लंडनमध्ये मिरवणूक; पुण्यात गणेशखिंडीत त्याच रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. भारतमंत्री म्हणून लंडनमध्ये त्याला उत्तर देणारे गृहस्थ होते लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन, 1889 च्या कायद्याचे कर्ते. चार दिवसांनी, 26 जूनला, स्पिटहेडला त्याच कायद्याने उभ्या केलेल्या ताफ्याचं प्रदर्शन होतं. दीडशेच्या वर युद्धनौकांच्या शिस्तबद्ध रांगांमधून ‘टर्बिनिया’ नावाची एक चिमुकली होडी बेधडक सुटली. चार्ल्स पार्सन्स यांचं टर्बाइन इंजिन, वेग 34 नॉट. तिला अडवायला सोडलेल्या आरमारी बोटी तिला गाठू शकल्या नाहीत. ॲडमिरल्टीचा राग दोन-तीन वर्षांत ऑर्डरमध्ये बदलला.

*

आता फिशर. 1902 मध्ये सेकंड नेव्हल लॉर्ड म्हणून ते कर्मचारी खात्यावर आले आणि नाताळच्या दिवशी त्यांची शिक्षणयोजना जाहीर झाली. यापुढे डेकवरचे अधिकारी, इंजिनिअर आणि मरीन होणारी मुलं बारा-तेराव्या वर्षी एकत्र भरती होतील, एकत्र शिकतील, फाटा नंतर फुटेल. 1903 मध्ये ऑस्बोर्नला आणि 1905 मध्ये डार्टमथला नवं कॉलेज उघडलं. जुने ॲडमिरल भडकले: तेलाच्या डब्यावाल्यांची मुलं आमच्या जेवणाच्या टेबलावर? फी पालकांनी भरायची असल्याने गरिबाला दार तरीही बंदच राहिलं. योजना पूर्णपणे कधी रुजली नाही. पण फिशर यांच्या सगळ्या कामांत मला हीच योजना सर्वांत धाडसी वाटते; तोफा बदलणं सोपं, पंगत बदलणं अवघड.

ऑक्टोबर 1904 मध्ये, ट्रफाल्गर दिनाच्या सुमाराला, ते फर्स्ट सी लॉर्ड झाले. नेव्हल लॉर्डचं ‘सी लॉर्ड’ असं जुनं नाव त्यांनीच परत आणलं. मग एकामागून एक कुऱ्हाडी. जगभर विखुरलेली, लढायलाही कमजोर आणि पळायलाही मंद अशी 154 जहाजं यादीतून काढली. सुटलेली माणसं राखीव युद्धनौकांवर गाभ्याचा चमू म्हणून ठेवली, म्हणजे युद्ध आलं तर बाकीची भर घालून जहाज लगेच निघावं. ताफे दूरच्या समुद्रांतून जर्मनीसमोरच्या पाण्यात ओढले. 1904-05 मध्ये आरमाराचा अंदाज 3 कोटी 68 लाख पौंडांचा होता. पुढच्या वर्षी तो सुमारे 35 लाखांनी खाली आणला. राजा सातवा एडवर्ड त्यांचा पाठीराखा होता. फिशर यांच्या शत्रूंच्या संख्येकडे पाहता त्याची गरजही होती.

‘ड्रेडनॉट’ ही त्यातलीच एक कुऱ्हाड. 2 ऑक्टोबर 1905 रोजी पोर्ट्समथला कणा टाकला, 10 फेब्रुवारी 1906 रोजी राजाच्या हस्ते जलावतरण, आणि वर्षभरात जहाज समुद्रावर चाचणीला. बारा इंची दहा तोफा, टर्बाइन इंजिनं, 21 नॉट. ‘टर्बिनिया’ला नऊ वर्षं झाली होती. विरोधक म्हणाले, या एका जहाजाने आपल्याच सगळ्या जुन्या युद्धनौका भंगारात काढल्या आणि जर्मनीला शून्यापासून बरोबरी करायची संधी दिली. म्हणणं चुकीचं नव्हतं. फिशर यांचं उत्तर एवढंच, की हे जहाज कुणीतरी बांधणारच होतं. पूर्वी दुसऱ्याने शोधावं आणि आपण गाठावं अशी चाल असलेल्या दप्तराने पहिल्यांदा स्वतःहून आपला जुना ताफा मोडीत काढला होता.

तोफा वाढल्या, पण नेमबाजी सुधारली ती पर्सी स्कॉट यांच्या हट्टाने. 1899 मध्ये ‘स्किला’ जहाजावर त्यांच्या माणसांनी शंभरातले ऐंशी नेम साधले, तेव्हा बाकीच्या ताफ्याला हा आकडा विनोद वाटला होता. आठ वर्षांनी हेच स्कॉट चॅनल फ्लीटचे सेनापती लॉर्ड चार्ल्स बेरेसफोर्ड यांच्या हाताखाली होते. कैसरच्या भेटीसाठी जहाजं रंगवून तयार ठेवा, असा बेरेसफोर्ड यांचा हुकूम आला. सराव पुढे चालू ठेवू का, असं विचारणाऱ्या एका जहाजाला स्कॉट यांनी कळवलं, की सध्या तोफांपेक्षा रंगाला जास्त मागणी दिसते, तेव्हा या आणि सुंदर दिसा. बेरेसफोर्ड यांनी हा स्वतःचा अपमान मानला. ते पार्लमेंटातले, समाजातले, वर्तमानपत्रांतले लाडके. ताफ्यात त्यांची एक फळी, फिशर यांची दुसरी. अधिकारी एकमेकांच्या जेवणावळी टाळू लागले. 1909 मध्ये पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. अहवालाने ॲडमिरल्टीला मोठ्या दोषातून सोडवलं, पण शेवटी युद्धाचा विचार करणारा स्वतंत्र स्टाफ आरमाराकडे उभा राहावा, अशी अपेक्षा नोंदवली. 25 जानेवारी 1910 रोजी, आपल्या 69 व्या वाढदिवशी, फिशर निवृत्त झाले. चार महिन्यांत राजाही गेला.

स्टाफ फिशर यांनी का उभारला नाही? कारण युद्धाची योजना फर्स्ट सी लॉर्डच्या डोक्यात असते आणि ती तिथेच सुरक्षित राहते, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्यानंतर आलेले सर आर्थर विल्सन याबाबतीत त्यांच्याहून पक्के. शूर, अबोल, कुणाला काही न सांगणारे. 23 ऑगस्ट 1911 रोजी, अगादीरच्या पेचात जर्मनीशी युद्ध जवळ आलंसं वाटत असताना, साम्राज्य संरक्षण समितीची दिवसभर बैठक झाली. लष्कराचे हेन्री विल्सन नकाशे घेऊन आले: किती डिव्हिजन, फ्रान्सच्या कुठल्या टोकाला, किती दिवसांत. दुपारी आर्थर विल्सन यांची पाळी. त्यांनी जर्मनीच्या किनाऱ्यावर, बेटांवर सैन्य उतरवण्याबद्दल काही सांगितलं. ऐकणाऱ्या मंत्र्यांना कळलं, की आरमाराची योजना कागदावर नाही, ॲडमिरलखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि लष्कराच्या योजनेशी तिचा मेळ नाही. जगातला सर्वांत मोठा ताफा, एवढं मोठं अंदाजपत्रक, दोनशे वर्षांचं मंडळ, आणि लढायचं कसं हे लिहून ठेवलेलं पान सापडेना.

युद्धमंत्री हॉल्डेन यांनी आग्रह धरला, की ॲडमिरल्टीत असा स्टाफ उभा राहिलाच पाहिजे. ऑक्टोबरात गृहमंत्री विन्स्टन चर्चिल आणि फर्स्ट लॉर्ड मॅकेना यांची अदलाबदल झाली. चर्चिल 36 वर्षांचे. आर्थर विल्सन यांनी स्टाफच्या कल्पनेविरुद्ध निवेदन दिलं आणि वर्षअखेर त्यांना निरोप मिळाला. जानेवारी 1912 मध्ये नौदलाचा वॉर स्टाफ जाहीर झाला. त्याच्या प्रमुखाला हुकूम काढायचा अधिकार नव्हता, सल्ला द्यायचा होता. सही अजूनही बोर्डाचीच.

चर्चिल यांनी दप्तराच्या वेळाही बदलल्या. रात्री, रविवारी, सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी अधिकारी इमारतीत जागा असायला हवा, असा हुकूम काढला. आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांनी उत्तर समुद्राचा मोठा नकाशा लावून घेतला. स्टाफमधला एक अधिकारी रोज येई आणि त्यावर छोटी निशाणं टोचून जाई: जर्मन ताफा आज कुठे आहे. खोलीत येताच आपण रोज आधी त्या नकाशाकडे बघत असू, असं चर्चिल यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.